भुवईवरची पांढरी रेघ

आन्सुमाना सान्यांगला आमच्या सेरेकुंडा शहराच्या बाजारात कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. तो आन्सु क्लिअर. युरोपातून कंटेनरनं येणारे वापरलेले टीव्ही विकतो, आणि गिऱ्हाइकाला 'घेऊ नकोस' म्हणणारा अख्ख्या बाजारातला हा एकटाच. बाकीचे चोर आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथं लिहायला भीत नाही.

त्याच्या दुकानात दोन टीव्ही कायम शेजारी-शेजारी चालू. एक जुना, ढेरपोट्या, काचेच्या नळीचा. दुसरा पातळ, एचडी. दोन्हींवर तीच मॅच. गिऱ्हाईक आलं की आन्सु विचारायचा, "गोलकीपरच्या बुटाची नाडी कुठल्या रंगाची?" जुन्यावर बूटसुद्धा धड दिसायचा नाही. एचडीवर नाडी दिसायची, तिची सुटलेली गाठही दिसायची. गिऱ्हाईक हरखून खिशात हात घालायचं, तेवढ्यात हा त्याला दंडाला धरून रस्त्यापलीकडे न्यायचा. "आता सांग, नवा कुठला?" इतक्या लांबून दोन्ही सारखेच. "मग तुझा पलंग टीव्हीपासून किती लांब, ते आधी मोजून ये, गाढवा!"

रिमोटवरच्या एका गोष्टीचा त्याला मनस्वी राग. शार्पनेस. बाकीचे दुकानदार ती शंभरावर ठेवतात. आन्सु तिला 'थापाड्या' म्हणायचा. "हा प्रत्येक काठाला पांढरी रेघ ओढतो. लोकांना वाटतं चित्र स्वच्छ झालं. कॅमेऱ्यानं जे पाहिलंच नाही, ते हा डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. थेट माझा मेव्हणा!"

असा माणूस होता, म्हणूनच याय सिगाला मी त्याच्याकडे नेलं. याय म्हणजे आई; आम्ही सगळेच तिला तसं म्हणतो.

याय सिगाचा मुलगा लातिर दोन वर्षांपूर्वी 'मागच्या वाटेनं' गेला, म्हणजे वाळवंट ओलांडून लिबिया, तिथून होडीनं पलीकडे. होडी उलटली. बुडालेल्यांची यादी कुठल्याही कचेरीनं केली नाही. ती मी केली, दारोदार फिरून. एकसष्ट नावं. साठ घरांनी चाळिसाव्या दिवसाचं दान केलं, कोलाच्या बिया वाटल्या, रडून घेतलं. याय सिगानं नाही. वाचलेल्या चौतीस जणांची बातमी तिनं शेजारणीच्या जुन्या टीव्हीवर पाहिली होती. ऊब राहावी म्हणून सोनेरी कागदात गुंडाळलेला एक पोरगा क्षणभर मान वळवतो. "तो माझा," ती म्हणाली, आणि तेव्हापासून रोज त्याच्या वाटणीचा भात काढून ठेवायची. सून यांडे चोवीस वर्षांची. ना सवाष्ण, ना विधवा. भिंतीकडे तोंड करून जेवायची.

ते चित्रण मिळवायला मला सात महिने लागले. कुणाकुणाच्या पाया पडले, कुणाला धमकावलं, ते जाऊ दे. चौतिसांचे चेहरे त्या पेन ड्राइव्हमध्ये होते. चालतंय का बघ, म्हणून तो मी आन्सुकडे आदल्या दिवशीच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी याय सिगाला घेऊन गेले.

याय सिगा सेरेर, आन्सु जोला. या दोन जमातींत थट्टेचं नातं. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, आई-बाप काढायचे, आणि समोरच्यानं सवाई उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर त्याच्या घरी काही अशुभ घडलंय असं समजायचं.

"ए भातचोरा!" ती उंबऱ्यातूनच ओरडली. "तुझ्या मालकिणीला बसायला दे."

"या, माझ्या पळून गेलेल्या मोलकरणीबाई! बसा. खुर्ची चोरायची नाही."

याय खदखदून हसली. मीही हसले. आन्सुनं मोठा टीव्ही लावला.

बंदराचा धक्का दिसला, दोर दिसले, सोनेरी कागदांची गर्दी दिसली. मग खांद्याशी कागद फाटलेल्या त्या पोरानं मान वळवली. आन्सुनं चित्र थांबवलं. उजव्या भुवईतून आरपार एक पांढरी रेघ.

यायनं तोंडावर हात धरला. लहानपणी लातिर कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगावर पडला होता; भुवई चिरली होती, तिथं पुन्हा केस आले नाहीत. ती उठून पडद्याजवळ गेली. "बघ! बघ गं यादीवाले, तुझ्या मेल्यांच्या वहीतून माझं पोर काढ!"

मी वही उघडली. लातिरच्या नावावर पेन टेकवलं आणि आन्सुकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. अंगठा रिमोटवर, मान खाली. मग माझी नजर त्या दोरांवर गेली. प्रत्येक दोराला पांढरी किनार. प्रत्येक कानाला. धक्क्याच्या कडेला, समुद्राच्या कडेला.

"थापाड्या शंभरावर ठेवलास?" मी हळूच विचारलं.

त्यानं रिमोट पाठीमागे नेला.

"तू काल पाहिलंयस! सगळं पाहिलंयस तू!" माझा आवाज चढला. "तू? सगळ्या बाजाराला खोटं म्हणणारा तू?"

"तिला एकदा बघू दे म्हटलं," तो पुटपुटला. "एकदाच."

याय वळली. "काय गं भांडता?"

आन्सुनं रिमोट दाबला. शंभर, साठ, वीस, शून्य. भुवईवरची रेघ विरत गेली आणि चेहरा धुरकट झाला, कुणाचाही असू शकेल असा. "लांबून घेतलंय हे," तो म्हणाला. "अख्खी भुवई चार-सहा ठिपक्यांची. बाकीचं टीव्ही स्वतः भरतो." मग त्यानं दुसरा तुकडा लावला. तोच पोरगा, तोच फाटका कागद, पण चांगल्या कॅमेऱ्यानं जवळून घेतलेला. कुणीतरी त्याला पाण्याची बाटली देत होतं. ओठांवरचं मीठ दिसत होतं. पापण्या मोजता आल्या असत्या. भुवया दाट, काळ्या, अखंड.



"ए भातचोरा," याय म्हणाली. आवाज अजून थट्टेचाच होता. "माझ्या पोराची खूण पुसलीस. परत दे, नाहीतर तुझ्या बापाला बाजारात विकीन."

आन्सुचे ओठ हलले. ती थांबली. मीही थांबले. दे ना काहीतरी उत्तर, मेल्या, कसलंही दे.

"आई," तो म्हणाला, "तो नाही."

याय खुर्चीत बसली. बराच वेळ त्या परक्या पोराकडे बघत राहिली. तो पाणी प्यायचा, चित्र संपायचं, आन्सु पुन्हा लावायचा.

"याच्या आईला कळलंय का?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी एकसष्ट मेले शोधले होते. चौतीस जिवंतांच्या आया शोधाव्यात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी लातिरचं दान झालं. आमच्याकडे मयताच्या घरी थट्टेच्या नातेवाइकाचं एक काम असतं. मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. लातिरचा हिरवा सदरा घालून आन्सु दुपारी गल्लीतून आला. ऊन डोळ्यांवर होतं. गल्लीच्या टोकाला सदरा तेवढा दिसत होता, चालही लातिरचीच काढली होती. यांडेच्या हातातली पळी पडली. कुणीच हसलं नाही.

तो दारात उभा राहिला आणि लातिरसारखं ओरडला, "याय, भूक लागली!"

याय सिगानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. रोजचा काढून ठेवलेला भात समोर सरकवला आणि सदऱ्याची बाही मुठीत धरून बसली. आन्सु जेवत राहिला. ताट रिकामं झालं तरी तिनं बाही सोडली नाही. मग यांडेनं जवळ येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.