एकदाच विचारणारा माणूस

माझ्या तेहतिसाव्या वर्षी मी एका माणसाला पाच दिवसांत आयर्लंडमधली अकरा ठिकाणं दाखवली आणि त्यांतलं एकही त्याला धड बघू दिलं नाही. तो माणूस माझा नवरा. अजूनही आहे. आत्ता पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसून इंग्रजी शब्दकोडं सोडवतोय आणि मी हे लिहायला घेतलंय याचा त्याला पत्ता नाही.

आज हे सगळं उकरून निघालं ते चहामुळे. दुपारी लेक आणि आठ वर्षांची नात आल्या होत्या. इथेच, अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये, बसने वीस मिनिटांवर राहतात. नातीला नुकताच चहा करता यायला लागलाय, मायक्रोवेव्हमधला का होईना. तिनं मोठ्या ऐटीत विचारलं, "आजी, चहा?"

मी म्हटलं, "नको गं बाई, कशाला उगीच."

ती खेळायला निघून गेली. मी पाच मिनिटं वाट बघितली, दहा मिनिटं बघितली. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन जरा आवाज होईल अशा बेताने भांडं ओट्यावर ठेवलं.

"बट आजी, यू सेड नो!"

लेक हसायला लागली. "आई, इथे नको म्हणजे नको असतं. चाळीस वर्षं झाली की तुला या देशात."

तेव्हा खिडकीशी बसलेला माणूस कोड्यातून डोकं वर न काढता म्हणाला, "तिला तीनदा विचारावं लागतं. हे मी आयर्लंडला शिकलो."

तर आयर्लंड. आम्ही दोघं पुण्याच्या एकाच कॉलेजातले, म्हणून अरे-तुरेवाले. तो इथल्या युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायचा. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. शस्त्रक्रियेत वापरतात त्या बारीक नळ्या ताणून, पिळून, उकळून बघायच्या आणि कुठे फाटतात ते लिहायचं, हे माझं काम. स्वभावाला अगदी साजेसं. कंपनीनं आयर्लंडमध्ये गॉलवेजवळ कारखाना काढला आणि तिथली तपासणीची लॅब उभी करायला मला आठ महिन्यांसाठी पाठवलं. सातव्या महिन्यात नवरा सुट्टी काढून मला भेटायला आला.

तो येण्याआधी मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला होता. निळ्या शाईत ठिकाणं, लाल शाईत वेळा. समुद्रकड्याला चाळीस मिनिटं, फोटो धरून. एका जुन्या मठाला पंचवीस. बेटावर जायच्या बोटीसाठी अर्धा दिवस, पण तेवढ्यात बोटीत बसून पत्रं लिहून होतील अशी समासात टीप. जेवणात वेळ जाऊ नये म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी डब्यात. आज तो तक्ता कुणी माझ्यासमोर धरला तर मी त्या बाईला ओळख दाखवणार नाही.

खरं कारण स्थळं बघायची हौस हे नव्हतंच. खरं कारण माझ्या पर्समध्ये होतं. कंपनीचं पत्र. अजून दोन वर्षं तिथे राहिलात तर लॅब तुमच्या हाताखाली, माणसंही तुम्हीच नेमायची. उत्तर सोमवारी हवं होतं. नवऱ्याचं विमान रविवारी होतं. फोनवर सांगण्याजोगं हे नव्हे, समोरासमोर नीट बसून सांगू, असं मी ठरवलं होतं, आणि मग बसायला वेळच मिळू नये याची लाल शाईत व्यवस्था केली होती.

गाडी मीच चालवत होते. मिशिगनमध्ये रस्त्याच्या उजवीकडून चालवायची, तिथे आपल्यासारखी डावीकडून. त्याला ते जमेना. मी पुण्यात डावीकडून सायकल चालवली होती एवढ्या भांडवलावर स्वतःला तरबेज समजत होते. रस्ते इतके अरुंद की दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांना गाडीचे आरसे नमस्कार करत जायचे. तो डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत होता.

"जरा कुठे थांबून खाऊ या का?"

"गाडीत बसलोच आहोत की. घे पुरी."

पहिल्या दिवशी दुपारी मी ते सांगून टाकलं. वळणावर, गिअर बदलता बदलता, समोर बघत. दोन वर्षं, लॅब, सोमवार. वायपर चालू होते. मग त्याने विचारलं, "तुला राहायचंय का?"

"छे!" मी म्हणाले. "या पावसात कोण राहतंय!"

"बरं," तो म्हणाला आणि मेंढ्या बघायला लागला.

बरं! मी वाट बघत राहिले. आता म्हणेल, नाही पण खरंच सांग. आता म्हणेल, विचार तरी कर. एक गाव गेलं, एक पूल गेला. तो म्हणाला, "या मेंढ्यांच्या पाठीवर निळा रंग का लावतात गं?"

इथे त्याच्या घरचं सांगायला हवं. माझ्या माहेरी पंगतीत पहिल्या नकाराला कुणी वाढपी मागे फिरला तर ती बातमी व्हायची. पाहुणा हात आडवा घालणार, वाढणारी त्या हातावरून जिलबी सोडणार, पाहुणा हाय हाय करत खाणार. त्याच्या घरी उलटं. लहानपणी कुठल्याशा मुंजीत त्याला आग्रह करकरून श्रीखंड चारलं आणि तो मांडवातच ओकला. तेव्हापासून त्याच्या आईनं नियम केला की आपण एकदाच विचारायचं आणि माणूस म्हणेल ते खरं मानायचं. लग्नानंतर पहिला आठवडा मी त्या घरात अर्धपोटी होते. कुणी छळ केला नाही हो, मीच भाजी नको म्हणत होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या गाडीत मला वाटत होतं की आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीला तरी हा दुसऱ्यांदा विचारेल. त्याने विचारलं नाही म्हणून मी त्याला शिक्षा केली. शिक्षा म्हणजे स्थळदर्शन. समुद्रकड्यावर पोहोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की कडा, समुद्र आणि नवरा यांपैकी काहीच दिसत नव्हतं. "बघितलंस ना? चल," म्हणून मी अठरा मिनिटांत परत फिरवलं. सपाट दगडांचा एक अफाट माळ होता, त्याच्या भेगाभेगांतून चिमुकली फुलं उगवलेली. तो गुडघ्यावर बसून बोटाने त्या भेगेतली माती उकरायला लागला. मी गाडीचा हॉर्न वाजवला. पुढे एका दलदलीत जळणासाठी कापलेल्या काळ्या मातीच्या विटा वाळत घातल्या होत्या. मातीचा अभ्यास करणारा माणूस, हजारो वर्षं कुजून झालेली माती समोर, आणि बायको म्हणते सहा मिनिटं.

मध्येमध्ये मी टोमणे सोडत होते. "इथल्या लोकांना माझं काम आवडतं म्हणे." तो म्हणायचा, "आवडणारच." विषय संपला. वाटायचं, गाडी थांबवावी आणि याला गदागदा हलवावं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातल्या लख्ख उजेडाच्या संध्याकाळी, मी रस्ता चुकले. खोली सांगून ठेवली होती ते गाव अजून तासभर लांब. एका शेतघराच्या फाटकावर खोली मिळेल अशी पाटी होती. नवरा म्हणाला, "इथेच थांबू या." मी म्हटलं, तक्त्यात नाही. तेवढ्यात पन्नासेक मेंढ्या रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या आणि हलेचनात. त्यांना तक्ता दाखवता येण्यासारखा नव्हता. थांबलो.

घरमालकीण साठीची असेल. हात पिठाचे. आम्ही आत पाऊल टाकतोय तोच म्हणाली, "चहा घ्याल ना?"

मी म्हणाले, "नको नको."

"घोटभर?"

"खरंच नको, तुम्हाला कशाला त्रास."

"पाणी उकळतंच आहे हो."

"बरं, मग अर्धा कप."

तिनं बशी झाकली जाईल एवढा मोठा कप भरून दिला, सोबत लोणी फासलेला जाड पाव, आणि मी तो अधाशासारखा संपवला. नवरा आमच्या दोघींकडे टेनिसच्या सामन्यासारखा आळीपाळीने बघत होता. त्याला विचारल्यावर त्यानं एकदाच आणि मनापासून नको म्हटलं. बाईनं त्याच्याही पुढ्यात कप ठेवला.

"तुला हवा होता," तो मला मराठीत म्हणाला. "पहिल्यांदाच हो का नाही म्हणालीस?"

"पहिल्यांदा हो म्हणायचं नसतं."

त्यानं बाईला इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडेही असंच असतं का? ती पाव कापता कापता म्हणाली, "पहिला नकार आम्ही मोजतच नाही. तो आपला रीत म्हणून असतो."

चुलीत त्याच काळ्या मातीच्या विटा जळत होत्या. एक तुकडा हातात घेऊन तो कितीतरी वेळ चुरडत, हुंगत बसला. त्या पाच दिवसांत त्याला हवं ते एवढंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान गाडीत टाकत होते. तो गडग्यावर बसला होता. "इकडे ये."

"साडेआठ वाजलेत."

"ये तर. तुला राहायचंय का इथे?"

माझ्या हातातली पिशवी जड झाली. "सांगितलं ना मी. नको म्हणून."

त्याची दोन बोटं दुमडलेली मला दिसली. बोटांवर मोजत होता शहाणा! मग अगदी हळू, ज्या आवाजात त्याच्या घरात कुणी कुणाला कधी काही विचारलं नसेल त्या आवाजात त्याने विचारलं, "खरंच नको?"

"हवंय," मी म्हणाले. "मला ती लॅब हवीय." आणि रडायला लागले. रडण्यासाठी तक्त्यात जागा नव्हती, पण रडले.

"मग राहा," तो म्हणाला.

मी नाक पुसलं. विचारलं, "तुला चालेल ना?"

"चालेल."

मी लगेच घड्याळ बघितलं. सात मिनिटं उशीर झाला होता.

दोन वर्षं राहिले. सहा माणसं नेमली, त्यांतल्या दोघींना पुढे माझ्यापेक्षा वरची जागा मिळाली. ते दिवस मला हवे होते, मिळाले, आणि फार मजेत गेले. ते खोटं कशाला लिहू. मग परत आले, लेक झाली, ॲन आर्बरचे हिवाळे मोजता मोजता सत्तरी आली. आणि ही गोष्ट मी इथल्या प्रत्येक मराठी घरात, प्रत्येक हळदीकुंकवाला रंगवून सांगितली. एकदाच विचारणाऱ्या माणसाला मी तीनदा विचारायला कसं शिकवलं! सगळ्या काकू-मावश्या हसायच्या. तोही हसायचा.

आज पाहुण्या गेल्यावर तीच गोष्ट कागदावर उतरवत गडग्यापर्यंत आले आणि पेन थांबलं. त्याला मी किती वेळा विचारलं होतं?

उठले. पलीकडच्या खोलीत गेले. "तेव्हा तुला खरंच चाललं होतं का रे?"

"कधी?"

"मी आयर्लंडला राहिले ती दोन वर्षं."

"चाललं की. अगं, पाच अक्षरी, 'ओढा', दुसरं अक्षर आर."

परत टेबलाशी आले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. परत गेले. "खरंच चाललं?"

"हो म्हटलं ना. काय झालंय तुला आज?"

स्वयंपाकघरात गेले, शेगडी लावली, बंद केली. फ्रिज उघडून आत काय आहे ते बघितलं. तिसऱ्यांदा गेले. काही विचारलं नाही, नुसती समोर उभी राहिले. त्याने पेन वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं.

"शनिवारी मी बसमध्ये बसायचो," तो म्हणाला.

"कुठे जायला?"

"कुठे नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत. मग तीच बस धरून परत. घरी बसवायचं नाही. ड्रायव्हर ओळखायला लागला होता. फार थंडी असली की तो मला पुढे हीटरजवळ बसवायचा."

पाच दिवस जो माणूस मला जरा थांबू या, जरा थांबू या म्हणत होता, तो. आणि मी तिकडे दर रविवारी फोनवर त्याला नळ्यांच्या गोष्टी सांगत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, मी चालेल म्हटलं. तुला राहायचं होतं."

"एकदाच विचारलं मी."

"हो," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर बस येते, दर अर्ध्या तासाला. म्हटलं, "चल, कोट घाल. बसने जाऊन येऊ. शेवटच्या स्टॉपपर्यंत."

"कशाला?"

"कशाला नाही. नुसतं बसायचं. मी घड्याळ घरी ठेवते."

"नको गं, बर्फ पडतंय," म्हणून त्याने पेन परत उचललं.

आता इथेच थांबते. पुढची बस यायला दहा मिनिटं आहेत आणि मला अजून दोनदा विचारायचंय.