स्तानामावशीच्या घराचा बदलता पत्ता

पर्सिदाकडे गावातल्या अकरा घरांच्या किल्ल्या होत्या. घरं दोन-दोन मजली, फाटकावर सिमेंटचे सिंह, आणि मालक नोकरीसाठी व्हिएन्नात. ते ऑगस्टमध्ये तीन आठवडे येत, एकमेकांच्या सिंहांची उंची नजरेनं मापत आणि परत जात. उरलेलं वर्षभर घरांवर लक्ष ठेवायचे कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायची पर्सिदा.

एकतीस वर्षं ती पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती. दोऱ्या खोचायच्या, माणसाला माणसाशी जोडून द्यायचं. पुढे यंत्र आपलं आपण जोडायला लागलं आणि तिला तिकिटांच्या खिडकीत बसवलं, ते तिनं शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं. निवृत्तीनंतर कॅमेऱ्यांचं काम तिच्याकडे आलं. व्हिएन्नातल्या माणसाला आपलं अंगण बघायचं तर घराचा इंटरनेटवरचा पत्ता माहीत लागतो. पत्ता म्हणजे आकड्यांचे चार गट, मध्ये टिंबं. आणि मोडेम बंद करून पुन्हा लावला की कंपनी बहुतेक वेळा नवाच पत्ता देते. जुने फोन नंबर निदान जागेवर तरी बसायचे, एवढंच म्हणून पर्सिदा कामाला लागली.

दहा घरांचा त्रास नव्हता. रिकाम्या घरात मोडेमला हात कोण लावणार? अकराव्यात मात्र स्तानामावशी राहायची. वय त्र्याऐंशी, सहा कोंबड्या, मुलगा त्राइलो व्हिएन्नात लिफ्ट बसवणारा. त्या गावात ढग गडगडला की भिंतीतले सगळे प्लग काढतात. पूर्वी एकदा वीज पडून अर्ध्या गल्लीचे टीव्ही जळाले होते, तेव्हापासून कपाटात ठेवलेल्या इस्त्रीचाही प्लग लोक एकदा बघून येतात. स्तानामावशी मोडेमचाही काढायची. मग पत्ता बदलायचा, त्राइलोला अंगण दिसेनासं व्हायचं, तो आधी आईला फोन करायचा, मग पर्सिदाला. पर्सिदा चढ चढून जायची आणि नवा पत्ता त्याला सांगायची.

हिवाळ्यात मावशी अंगणात घसरून पडली, तेव्हा मायलेकांचं ठरलं. जोवर ती त्याला रोज कॅमेऱ्यात दिसते तोवर ती इथे राहणार. दिसेनाशी झाली की तो घेऊन जाणार. मावशी एकदा नऊ दिवस व्हिएन्नाला राहून आली होती. तिथे कोंबडी फक्त फ्रिजमध्ये भेटते, एवढंच तिनं परत आल्यावर सांगितलं होतं.

म्हणून ईस्टर झाल्यावर पर्सिदानं मावशीच्या घराला इंटरनेटवर एक कायमचं नाव घेतलं. आता पत्ता कितीही बदलो, मोडेमचं खोकं आपलं आपण त्या नावाला नवा पत्ता कळवणार, आणि त्राइलोनं नाव दाबलं की अंगण समोर. महिन्यातून एकदा ‘नाव अजून हवंय’ असं कळवायचं, की झालं. पर्सिदानं कॅलेंडरवर संतांच्या सणांशेजारी तशा खुणा करून ठेवल्या. नवरा दोब्रिवोये म्हणाला की साऱ्या व्हिएन्नाला आता सासू मिळाली. तिनं त्याच्यापुढे सूप ठेवलं.

दीड महिना सगळं छान चाललं. जूनमध्ये मोडेम बंद राहायला लागला. आधी तासभर, मग अर्धा-अर्धा दिवस. खोकंच बंद, तर नाव बिचारं काय करणार? पर्सिदा तारखा टिपत होती, शेजारी हवामान. सात वेळा बंद, त्यातल्या सहा वेळा आभाळ निरभ्र. तिकडून त्राइलोनं सांगितलं की खोलीला रंग दिलाय, ऑगस्टात येतो तो आईला घेऊनच जातो. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

रविवारी सकाळी पर्सिदा चढ चढून गेली. मावशी फोनशेजारी खुर्ची ओढून बसली होती. डोक्याला नवा रुमाल, मांडीवर मोडेमचा प्लग.

“गडगडतंय,” मावशी म्हणाली.

पर्सिदानं खिडकीतून पाहिलं. दोरीवरचे कपडे कडक वाळले होते. “कुठे?”

“पलीकडे. रोमानियात.”

नदीपल्याडच्या विजेसाठी इकडचे प्लग काढायची पद्धत अजून गावात आली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. मावशीनं तो तीन वेळा वाजू दिला, रुमाल सारखा केला आणि मग उचलला. हो, आहे, पडले नाही. मग घेवड्याला आलेल्या शेंगा, लंगडणारी कोंबडी, बापाच्या थडग्यावर कोणी गवत काढलं आणि कोणी नुसतं सांगितलं, सगळं निघालं. पर्सिदा ऐकत बसली. ऑपरेटरनं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, आणि तिनं एकतीस वर्षं ऐकलं होतं. त्यामुळे फोन कशासाठी आहे हे तिला पहिल्या मिनिटात कळायचं.

फोन ठेवून मावशीनं रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे चमचाभर चेरीचा मुरंबा आणि पाणी ठेवलं.

“तुझं ते नाव लावल्यावर दीड महिना त्यानं एकदाही फोन केला नव्हता,” ती म्हणाली. “दिसले नाही की विचारतो, आई काय करतेस. दिसले की त्याला माहीतच असतं.”

“आणि तो घेऊन गेला म्हणजे?”

“ते मला कळतंय. पण रविवार आला की हात जातो.”

पर्सिदानं मुरंबा संपवला. ‘आईला फोन कर’ असं त्राइलोला सांगता आलं असतं. त्यानं दोन रविवार केला असता, औषध घेतल्यासारखा. घरी येऊन तिनं ते नाव काढून टाकलं. आयुष्यातलं हे तिचं सगळ्यात चोख काम होतं, म्हणून काढताना तिनं चष्मा पुसून घेतला. मग त्राइलोला फोन लावला. नाव बंद झालं, जुन्या खोक्यांना आता नाव चालत नाही, असं तिनं सांगितलं. यातलं पहिलं खरं होतं.

“आता दर रविवारी दहाला आईला पत्ता विचारायचा. मला नाही, माझे गुडघे गेले. मधे दिसेनासं झालं तर मधेही विचारायचा.”

“पर्साताई, तिला धड वाचता येत नाही.”

“आकडे येतात. कोंबड्या मोजते.”

“मी लिफ्ट बसवतो, ताई. यंत्रातलं थोडं मलाही कळतं.”

“मग काही यंत्रं हातानं चालवावी लागतात, हेही कळत असेल.”

“दहाला म्हणजे तुमच्या दहाला ना?” त्यानं विचारलं. दोन्हीकडे घड्याळ एकच होतं. पर्सिदा हो म्हणाली.

मावशीला तिनं मोबाईलवरची एक खूण दाखवली, ती दाबली की पत्ता मोठ्या आकड्यांत येई. आणि अट घातली: प्लग फक्त नदीअलीकडच्या गडगडाटाला काढायचा. ऑगस्टात त्राइलो आला, त्यानं खोक्याकडे एकदा बघितलं. आईला अंगणात लोखंडी कठडा बसवून दिला आणि एकटाच परत गेला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी पर्सिदा मावशीकडे कॉफीला गेली होती. बारा आकडे सांगायला मायलेकांना सव्वीस मिनिटं लागली, कारण दुसऱ्या टिंबाशी लंगडी कोंबडी आली आणि तिसऱ्याशी शेजारणीचं लग्न. त्या आठवड्यात गडगडलं नव्हतं, वीज गेली नव्हती. पत्ता मागच्या रविवारचाच होता. मावशीनं तो एकेक आकडा करून सांगितला, आणि त्राइलोनं तिकडे प्रत्येक आकडा पुन्हा म्हणून लिहून घेतला.