टिनाखालची दुपार

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात शाळांसाठी छोटे संगणक बनायचे. डिझाइन इंग्लंडहून घेतलेलं, जुळणी आमची आणि तपासणी माझ्याकडे. डबा पूर्ण बंद, आत पंखा नाही. आमच्या एसीच्या खोलीत तो छान चालायचा. पण शाळांवर टिनाचं छप्पर असतं, म्हणून एप्रिलमध्ये मी दोन संगणक खाप्याच्या शाळेत नेले. एक जसाच्या तसा होता, दुसऱ्याच्या डब्याला हवा खेळावी म्हणून मी मागून जाळी कापली होती.

मालक सोबत आले, तेही चिडूनच. "मंजुरी मूळ डिझाइनची आहे, मॅडम. पुढच्या आठवड्यात माल जाऊन राहिला, आन् तुम्ही डबे कापून राहिल्या?"

"दुपारभर चालू द्या, सर. मग बोला."

सकाळची शाळा सुटली होती. मुख्याध्यापिकांनी वर्ग उघडून दिला. आम्ही तिघं घाम पुसत दोन्ही स्क्रीनकडे बघत बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मालक सारखे घड्याळ बघत होते. माझा अंदाज चुकला तर नोकरी गेलीच होती.

मग मूळ संगणकाच्या स्क्रीनवरचा बाण हलेना. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. शेजारचा संगणक चालूच होता. मालकांनी बंद डब्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"दोनदा सांगितलं, सर."

व्हरांड्यात जाऊन त्यांनी कारखान्यात फोन लावला. "माल थांबवा. डबे बदलायचे आहेत."

बदललेल्या डब्याला मंजुरी मिळेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. पहिले संगणक खाप्यालाच गेले.