चार बारेंड फुरी

फुरींच्या घरात मुलाचं नाव ठेवायला डोकं लागत नसे. नातू असो की पणतू, थोरल्याला आजोबांचंच नाव, विषय संपला. आजोबा बारेंड फुरी, त्यांना चार मुलगे, आणि चौघांच्याही थोरल्याचं नाव बारेंड फुरी. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या मुलखात याची कुणाला कधी अडचण झाली नाही. एक लांबू, एक तांबड्या केसांचा, एक बैलवाला आणि चौथा कासव. कासव अशासाठी, की फाटक लावलं तरी तो परत जाऊन हलवून बघायचा, आणि तोवर निखाऱ्यांवरचं मांस करपायचं.

हा कासव अमेरिकेत, नेब्रास्कात हंगामी व्हिसावर हार्वेस्टर चालवायला आला आणि परत गेलाच नाही. जमीन विकली होती, जायला घर उरलं नव्हतं. निघण्याआधी तिकडे त्याच्या घरात दोनदा बंदूकवाले शिरले. दुसऱ्या खेपेला वडिलांचा जीव गेला. ‘तुम्हा गोऱ्यांची ही जमीन नाही, तिसऱ्यांदा येऊ,’ असं बंदूकवाले सांगून गेले. आईला खांद्यावर टाकून बाहेर काढलं ते शेतावरच्या काळ्या मुकादमानं, मोसेसनं. काळ्या माणसानं वाचवलं हे कोर्टात सांगू नका, दावा लंगडा पडेल, असं त्याच्या वकीलबाई म्हणत होत्या. कासवानं तेच आधी सांगितलं.

व्हिसा संपत आला तेव्हा त्यानं आश्रय मागितला होता. हल्ली नव्यानं येणाऱ्या आफ्रिकानर, म्हणजे तिकडच्या गोऱ्या, लोकांना आश्रयाचे कागद तिकडेच मिळत. जे आधीपासून इथे घाम गाळत होते, त्यांनी मात्र कोर्टात उभं राहून आपली भीती पटवून द्यायची.

“कासवा, तू लवकर आलास,” लांबू म्हणायचा. “जन्मात एकदा घाई केलीस, तीही चुकीच्या जागी.”

कासव हसायचा, पण हरलो तर कुठे जायचं हे त्याला सुचत नव्हतं. बायको रीनीला दिवस गेले होते, आणि तिला पुन्हा त्या मुलखात न्यायचं म्हटलं की तो कॉफी तशीच ठेवून दाराची कडी परत हलवून बघायचा.

पहिल्या तारखेलाच घात झाला. सरकारी वकिलानं त्यांच्या गावाकडचं एक वर्तमानपत्र काढलं. कृषी प्रदर्शनात बारेंड फुरी यांच्या बैलाला पहिलं बक्षीस, बातमी याच वर्षीची. शेजारी फोटो, भल्यामोठ्या टोपीखाली अर्धा चेहरा.

“तुम्ही म्हणता जमीन विकली, परत पाऊल टाकलं नाही,” वकील म्हणाला. “मग हा कोण?”

“बारेंड फुरी.”

“आणि तुम्ही?”

“मीही बारेंड फुरी.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. हा चुलतभाऊ म्हणता तर पुरावा आणा, खोटं बोलणाऱ्याला आश्रय मिळत नाही, एवढं बजावून त्यांनी पुढची तारीख दिली.

घरी येताना रीनी गाडीत रडली, मग चिडली. “कसलं मेलं हे तुमचं नाव. या पोराचं नाव मी पीटर ठेवणार. तुझे आजोबा थडग्यातून उठून आले तरी पीटर.”

 आजोबांचं नाव मोडायचं म्हणजे कासवाला वडिलांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटत होतं.

वकीलबाई म्हणाल्या, जन्माचे दाखले तिकडून मागवायला हवेत, वेळ लागेल.

“दाखले कशाला?” कासव म्हणाला. “माणसंच आणतो.”

गव्हाचा हंगाम तोंडावर आला होता आणि फुरी मंडळी कामाला येणारच होती. लांबू कॅन्ससहून निघाला, तांबडा डकोटाहून. बैलवाला तर विमानातून उतरून थेट कोर्टात आला, टोपीसकट.

न्यायाधीशबाईंनी पुकारलं, “बारेंड फुरी यांनी उभं राहावं.”

चौघं उभे राहिले.

सरकारी वकिलानं हातातला फोटो पाहिला, टोपी पाहिली आणि खाली बसला. बाईंनी चौघांचे पासपोर्ट मागवून घेतले, पाहिले, आणि पुन्हा पाहिले. पण त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या बैलवाल्याकडे वळल्या. “तुम्ही तिथेच सुखानं राहता. मग यांना काय अडचण?”

बैलवाल्यानं टोपी काढली. “बाई, माझं शेत याच्या शेतापासून दिवसभराच्या वाटेवर आहे. माझ्या दारात कुणी आलं नाही. याच्या दारात दोनदा आले. मी माझ्या घरी झोपतो. याच्या घरी एक रात्र झोप म्हणालात, तर तो बक्षिसाचा बैल तुम्हाला देतो, पण झोपणार नाही.”

लांबूनं काकांना पुरल्याचं सांगितलं. 

निकाल त्याच दुपारी लागला. आश्रय मंजूर. कासवानं बाईंना विचारलं, “पुन्हा एकदा सांगाल?” बाईंनी सांगितलं, आणि या वेळी त्या हसल्या. कासवाला एवढा आनंद झाला की कोर्टाचं दार त्यानं उघडंच टाकलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी अंगणात निखारे पेटले, सॉसेज तडतडू लागले. चार बारेंड एकाच बाकावर दाटीवाटीनं बसून एकमेकांच्या ताटातलं पळवत होते. रीनी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती.

“पीटरचं काय?” लांबूनं मुद्दाम विचारलं.

“कुठला पीटर?” रीनीनं पोटावर हात ठेवला आणि तांबड्याकडे वळली. “आणि तू लग्न कर लवकर. तुझ्या थोरल्याचं नावही हेच ठेवायचं. उद्या माझ्या बारेंडचं नाव पुकारलं, तर त्याच्याबरोबर उभं राहायला कुणीतरी हवं ना.”