आठ दिवसांची झूम लेन्स

नांदेडच्या दुकानदारानं झूम लेन्स आठ दिवस वापरायला दिली. पटली तर ठेवा, नाहीतर परत आणा. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिच्यातून दाखवून त्यानं बरीच तारीफ केली. कॅलेंडर हलत नाही, म्हणून ते काही मी हिशेबात धरलं नाही.

आखाडा बाळापूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा दुकानात बसायचा, लग्नांचे फोटो मी काढायचे. त्याच आठवड्यात जवळच्या बंजारा तांड्यावर लग्न होतं.

निघताना नवरी एकेकीच्या गळ्यात पडून सूर लावून रडते, ही तांड्याची रीत. एरवी मी साधी लेन्स घेऊन त्या बायकांत घुसायचे आणि इकडं बघा म्हणायचे. रडणं थांबायचं, फोटो व्हायचा, रडणं पुढं चालू. या वेळी वीस पावलं मागं लिंबाखाली उभी राहिले आणि झूम पूर्ण ताणली. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

प्रिंट आल्या. सावलीतले चार फोटो हात हलल्यानं वाया गेले होते. बाकीचे इतके स्वच्छ, की नवरीच्या चांदीच्या दागिन्याचा मणी न् मणी दिसत होता. नवरा म्हणाला, ठेवून घे. मीही ठरवलंच होतं.

नवरीची आई फोटो न्यायला आली. गळाभेटीच्या फोटोवर तिनं बोट ठेवलं.

"बाई, पोरगी कुणाकडं बघून राहिली?"

"कुणाकडंच नाही. तुमच्या गळ्यात पडून रडतेय."

"ते मला ठावं हाय. आता ती सासरी गेली. भिंतीवर लावल्यावर तिनं माझ्याकडं बघाय नको का?"

दुरून काढलेले सगळे तिनं बाजूला सारले. पोरगी दोन दिवसांनी माहेरी येणार होती. तेव्हा मी जुनी लेन्स घेऊन गेले. आईनं तिला पुन्हा लग्नातले कपडे घालायला लावले, स्वतः गळ्यात हात टाकला आणि दोघी सरळ माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. रडायचं का, असं पोरीनं विचारलं. आई म्हणाली, "आता काहून? ते झालं की."

आठव्या दिवशी नांदेडला गेले. दुकानदारानं खराबी विचारली. सावलीत हात हलतो म्हटल्यावर त्यानं स्टँड पुढं केला. स्टँडनं हात थांबेल, पण नवरीनं माझ्याकडं बघायचं तर मला तिच्यासमोरच उभं राहावं लागतं, असं त्याला सांगितलं. लेन्स परत दिली आणि पुढच्या लग्नासाठी चार रोल घेतले.