डाव्या खांद्याची दुनळी

नवी ओळख झाली की भाऊ स्वतःच्या डाव्या खांद्याखालच्या खळगीत दोन बोटं रोवायचे आणि म्हणायचे, "बंदूक इथं बसते, मास्तर. बाकी सगला बाजार."

माजिवड्याला त्यांच्या चाळीत मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मिठागरं गेली, शेतं गेली, टॉवर आले आणि गळ्यात साखळ्या आल्या. भाऊंच्या गळ्यात काही नसायचं. त्यांची श्रीमंती लोखंडी कपाटात होती, वडिलांची दुनळी रायफल. वडील डावखुरे. शिंप्याला सदऱ्याचं माप द्यावं तसं माप देऊन त्यांनी ती विलायतेत घडवून घेतलेली. लाकडी दस्ता डाव्या गालाला बसेल असा वळवलेला. भाऊ स्वतः उजवे. पण वडिलांचा दस्ता त्यांनी कुणाला तासू दिला नाही. गाल सुजवून घेत डाव्या खांद्याने मारायला शिकले. "जेवायला उजवा, बंदुकीला डावा," असं सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा खुलायचा.

तरुणपणी त्यांनी रीतसर परवान्याने येऊरच्या पायथ्याला भात उधळणारी रानडुकरं मारली होती. शिकारबंदी आली आणि ते थांबले, कुरकुर न करता. मग खंडेनवमीला पूजा, आणि दसऱ्यानंतर नेमबाजीच्या मैदानावर दोन काडतुसं उडवायची, एवढंच. दोन नळ्या कशाला, असं मी एकदा विचारलं.

"पयला बार हौसंचा, दुसरा जबाबदारीचा. जनावर जखमी करून सोडून यायचं नाय."

आणि त्यांचा पुतण्या! त्याचं नाव घ्यायचीही मला शिसारी येते. घरची हळद होती, डीजे दणाणत होता, भाऊ पाहुण्यांना वाढत होते. या पठ्ठ्याने त्यांच्या उशीखालची चावी काढली, कपाट उघडलं आणि मोबाईलसमोर नाचत दोन्ही बार आभाळात काढले. दोन्ही हौसेचेच. एक गोळी मागच्या आळीतल्या घराचा पत्रा फोडून बाईच्या उशाशी उतरली. बाई पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली.

"काका, टेन्शन नको घेऊ रे. फटाका होता सांगू ना," पुतण्या म्हणाला. घरातल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ आधी त्या बाईकडे गेले. हात जोडून उभे राहिले आणि नवा पत्रा बसेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग रायफल चादरीत गुंडाळून रिक्षाने थेट पोलीस ठाण्यात. मी सोबत होतो. पुतण्या तोवर कुणाच्या तरी फार्महाऊसवर पसार झाला होता.

"बंदूक माजी, चावी माजी," भाऊंनी सांगितलं. "बार पुतन्यानं काढला. दोगांची नावं लिवा."

परवाना गेला, रायफल जमा झाली. परत मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. नातेवाइकांनी बोलणं टाकलं, का तर सख्ख्या रक्ताला अडकवलं! आणि ते सख्खं रक्त जामिनावर सुटलं तेव्हा याच लोकांनी त्याला हार घातले. लाज कशी वाटली नाही? भाऊ ओट्यावर एकटे बसायचे. कुणी आलं की दोन बोटं सवयीने खळगीत जायची, "बंदूक इथं..." म्हणायचे आणि बोटं काढून घ्यायचे. मला ते बघवत नसे.

गेल्या महिन्यात भाऊ गेले. नाक्यावर पुतण्याने भलामोठा फलक लावलाय, 'आमचा वाघ हरपला'. कोपऱ्यात तो स्वतः, गॉगल लावून, हात जोडून. मधे भाऊंचा रायफल रोखलेला जुना फोटो. काकांचं तोंड कोपऱ्यातल्या आपल्याकडे हवं, म्हणून त्याने छापताना फोटो आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. बंदूक उजव्या खांद्यावर आली.

येणारे-जाणारे फलकाला नमस्कार करतात. मी करत नाही. उजव्या खांद्याला बंदूक लावलेला तो म्हातारा माझ्या ओळखीचा नाही.