हालम्माचा लक्ष्मीदात

दावणगेरेच्या पेठेत मंडक्की-मिरचीची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीभज्यांची, गाडी चालवणारी कोट्रम्मा एरवी गोड बाई. पण चिडली की तिच्यापुढे तळणीतली मिरची बरी. त्या वर्षी तर ती चिडलेलीच होती. कारण लेकीच्या तोंडातलं भगदाड.

स्पंदना अकरा वर्षांची झाली, तरी वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांच्या दोन्ही बाजूंचे दुधाचे दात हलेनात. पेठेतल्या डॉक्टरनं तोंडात नुसतं डोकावून सांगितलं, "हे अडून बसलेत, म्हणून पक्के येत नाहीत." आणि डावा उपटून हातावर ठेवला. एक्स-रे नाही, काही नाही. कोट्रम्मानं रिवाजाप्रमाणे तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर भिरकावला. नेम चुकला, गोळी शेजारच्या स्लॅबवर!

वर्ष गेलं. दात येईना, बाजूचा मात्र रिकाम्या जागेत सरकू लागला.

"येईल कसा?" सासू हालम्मा ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकवी. "दात टाकला दुसऱ्याच्या घरावर! आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं बाई. हा बघा माझा लक्ष्मीदात, घरात लक्ष्मी आणणारा!" आणि उजवीकडचा ओठ उचलून मंडक्कीच्या दाण्याएवढा टोकदार दात दाखवी. डावीकडे खिंड होती. ती म्हणे लहानपणी जत्रेत बैलगाडीवरून पडून झालेली.

शेजारी तरी कसले सोडतात? "कोट्रम्मक्का, तुमचा दात आमच्या स्लॅबवर रुजला, तर पाणी आम्हीच घालायचं का?"

त्यात डॉक्टर म्हणाला, "आता उजवाही काढू आणि तारा बसवू. सोमवारी या."

कोट्रम्मा तडक लेकीला घेऊन दातांच्या कॉलेजात गेली. देखरेखीला हालम्मा मागोमाग होतीच. तिथल्या वाणिश्री म्याडमनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला.

"इथे पक्का दातच नाही," म्याडमनी बोट ठेवलं. "दोन्ही बाजूंना. जन्मतःच नाही. उजवा दुधाचा दात घट्ट आहे, त्याला हात लावू देऊ नका. डावीकडची जागा तारेनं मोकळी करू, तात्पुरता दात लावू. कायमचा बसवायचा तो वाढ पुरी झाल्यावर."

"म्हणजे डावासुद्धा टिकला असता?"

म्याडमनी मान डोलावली. "बहुतेक. बरीच वर्षं."

"अहो, मडकं घेताना बाई वाजवून बघते! आणि हा मेला माझ्या पोरीचा दात न बघता उपटतो?" कोट्रम्माचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

"घरात आणखी कुणाला असं आहे का?" म्याडमनी विचारलं.

कोट्रम्मा सावकाश सासूकडे वळली. "अत्ते, आ करा."

"मी कशाला? मी काय पेशंट आहे?"

"गल्लीला रोज दाखवता की! म्याडमना दाखवा लक्ष्मीदात."

म्याडमनी वाकून पाहिलं. "हेच ते. घराण्यात कुणाला हा दात असा दाण्याएवढा येतो, कुणाला येतच नाही. अम्मा, डावीकडचा कधी आला होता?"

"तो बैलगाडीवरून…"

"पडला तेव्हा रक्त आलं होतं?"

हालम्मा पंख्याकडे बघत पुटपुटली, "आलाच नव्हता. माझं लग्न ठरवताना आईनं बैलगाडीची गोष्ट जोडली."

"आणि वर्षभर बोल मला लावलात!" कोट्रम्मा फणकारली. त्या रात्री सासूला भाकरी मिळाली, पण ताट आपटून.

सोमवारी कोट्रम्मा पेठेतल्या त्या डॉक्टरच्या दवाखान्याशी पोचली, तर पायरीवर हालम्मा पदर खोचून आधीच उभी. आत बाकं भरलेली. कोट्रम्मानं तोंड उघडण्याआधीच म्हातारी डॉक्टरपुढे जाऊन थडकली.

"उजव्या दाताला हात लावायचा नाही! आमच्या घरात हे दात मुळात नसतात. आधी बघायला काय झालं होतं तुम्हाला? बघा आता, वाकून बघा!"

आणि भरल्या दवाखान्यात तिनं ओठ वर केला, दोन्हीकडचा.